मला मागे उभं करा

मागच्या महिन्यात आमच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न झालं. पंगती उठल्या, मानपान झाले, आणि फोटोग्राफरने हाक दिली, "चला, मुलीकडची मंडळी!" आम्ही सगळे स्टेजवर चढलो. माझी थोरली लेक, वय ४९, बँकेत अधिकारी, दोन मुलांची आई. ती पटकन दोन उंच भाच्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. वर म्हणते कशी, "मला मागेच उभं करा हं, नाहीतर अख्खा फोटो मीच व्यापेन!"

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री घरी आल्यावर झोप काही येईना. कारण ते वाक्य माझं होतं. अगदी शब्द न् शब्द माझं.

दुसऱ्या दिवशी कपाटातले जुने आल्बम काढले. साधारण १९९६ ते २००५ या काळातल्या फोटोंत मी जवळजवळ नाहीच. कुठे कुणाच्या खांद्यामागे अर्धा चेहरा, कुठे नुसता पदर, कुठे एखादं मूल मुद्दाम पुढ्यात ओढून घेतलेलं. त्या वर्षांत माझी पाळी गेली, ११ किलो वजन वाढलं, सगळे ब्लाउज उसवून झाले. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "बाई आता अगदी सुखवस्तू दिसायला लागल्या." मग मी एक युक्ती शोधली. दुसऱ्या कुणी हसायच्या आत आपणच आपल्याला हसायचं. आरशासमोर उभी राहून "काय हे ध्यान!" असं मी रोज म्हणायचे. त्याच खोलीत कॉलेजात जाणारी माझी लेक अभ्यास करत बसलेली असायची.

मुलं शिकवलेलं विसरतात, पण सहज कानावर पडलेलं विसरत नाहीत. ३४ वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं.

आता या विषयावर दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, आहे तशी छान आहेस, लोकांकडे लक्ष देऊ नकोस. दुसरा म्हणतो, तीस दिवसांत दहा किलो कमी करा. मला दोन्ही अर्धवट वाटतात. पहिल्यात शरीराची काळजी राहून जाते. दुसऱ्यात शरीर म्हणजे जणू शिक्षा करायचा गुन्हेगार!

माझी आई आयुष्यभर सडपातळ होती. "या वयातही काय बांधा ठेवलाय!" म्हणून सगळ्या नातेवाइकांत तिचं कौतुक. वयाच्या ७१व्या वर्षी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुबा मोडला. त्यानंतर ती कधी स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडू शकली नाही. बारीक असणं आणि बळकट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिच्या अंथरुणाशेजारी बसून समजलं.

निवृत्तीनंतर मी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले ती वजनाची तक्रार घेऊन. त्या म्हणाल्या, "वजनाचं नंतर बघू. आधी जमिनीवर बसा आणि हात न टेकता उठून दाखवा." मला जमलं नाही. पार नापास!

त्यांनी तेव्हा जे समजावलं ते आज सगळीकडे छापून येतं, पण बायका वाचत नाहीत म्हणून लिहिते. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं. त्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची झीज वेगाने होते. चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. स्नायू तर तिशीनंतरच हळूहळू कमी व्हायला लागलेले असतात. यात आपला आळस, आपला गुन्हा असं काही नाही. पोटाच्या घेराकडे मात्र लक्ष ठेवावं. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा सांगतात, कारण त्यापुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ही मोजपट्टी तब्येतीसाठी आहे, सौंदर्यासाठी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं की आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालावं आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचेही व्यायाम हवेत. त्याला जिमच लागते असं नाही. मी खुर्चीतून हात न लावता उठ-बस करते, भिंतीला हात टेकून जोर काढते, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलते. साताऱ्यात राहत असल्यामुळे चार भिंतीची चढण हाताशी आहेच. आपल्या मंगळागौरीत तरी काय होतं? बसफुगडी घालून बघा, मांड्या बोलायला लागतात की नाही!

आणखी एक, ज्यावर कुणी बोलत नाही. खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब गळतात म्हणून कितीतरी बायका चालणंच सोडून देतात. मीही सोडलं होतं. त्यासाठी ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे व्यायाम असतात आणि बऱ्याच जणींना त्यांचा उपयोग होतो. लाजू नका, डॉक्टरांना विचारा.

एवढं करून माझं वजन किती उतरलं? फक्त तीन किलो. पण आज पंचाहत्तरीत मी एक हात टेकून जमिनीवरून उठते आणि गॅसचा सिलिंडर हवा तसा सरकवते. आईच्या वाट्याला जे आलं ते जमेल तितकं लांब ठेवलंय.

लता करे ठाऊक असतील तुम्हाला. बारामतीच्या शर्यतीत त्या नऊवारी नेसून अनवाणी धावल्या, नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे उभे करायला. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला. त्यांच्या जिद्दीला माझा दंडवतच आहे. पण मनात येतं, बाई नवऱ्यासाठी धावली की आपण टाळ्या वाजवतो. तीच बाई स्वतःच्या गुडघ्यांसाठी अर्धा तास चालायला निघाली, की घरातून पहिला प्रश्न येतो, "आणि चहाचं काय?" आमच्याकडेही आला होता. मी म्हटलं, पातेलं ओट्यावर आहे. आता अहो चहा उत्तम करतात!

असो. परवा लेकीला फोन केला. म्हटलं, "ते वाक्य माझं होतं, तू माझ्याकडून उचललंस. मी ते परत घेते." ती म्हणाली, "अगं आई, गंमत केली मी. किती मनाला लावून घेतेस!" मीही दहा वर्षं गंमतच करत होते, पण ते तिला पटवत बसले नाही. शिकवून झालं तेवढं पुरे.

दिवाळीला सगळे जमतील तेव्हा फोटो काढायचा आहे. आम्ही दोघी पुढच्या रांगेत बसणार, सतरंजीवर मांडी घालून. उठताना एकमेकींना हात देऊ.

तुमच्या घरातल्या आल्बममध्ये कोण कोण मागे उभं आहे, तेही एकदा बघा.