मोटर जळत नाही, आपण जाळतो



आमच्या डीपीवर या रब्बीतली तिसरी मोटर परवा गेली. संध्याकाळी टपरीवर ठरलेलं बोलणं. "व्होल्टेज वाढला नि मोटर जळाली." "आजकालच्या मोटरी बोगस." "बांधणाऱ्याने तांब्यात मारलं." मी गप्प बसलो, कारण दोन वर्षांपूर्वी मीपण हेच बोलत होतो. आज लिहितोय. कोणाला राग आला तर येऊ द्या.

तेव्हा माझी एक एकर मिरची ऐन फुलात होती. स्टार्टर सारखा पडायचा. रात्री दोन-दोनदा विहिरीवर जायचा कंटाळा आला, म्हणून रिले काढून वायरी सरळ जोडून टाकल्या. आठवडाभराने रात्री एक फेज गेला. मोटर उरलेल्या दोन फेजवर घुमत राहिली आणि सकाळपर्यंत संपली. बोईसरला बांधायला नेली, तर कारागिराने उघडून दाखवली. दोन फेजची गुंडाळी कोळसा झालेली, तिसरी नव्यासारखी. म्हणाला, "दादा, ही फेज गेल्याची खूण. व्होल्टेजने तिन्ही काळ्या पडल्या असत्या." मोटर परत यायला सहा दिवस लागले. तोवर मिरचीने फूल गाळलं. रिले पडत होता म्हणजे तो काहीतरी सांगत होता. मी त्याचं तोंड बंद केलं.

मोटर आत काय करते ते आधी बघू. तारेतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबक तयार होतं. मोटरीत तीन फेजच्या तीन गुंडाळ्या असतात आणि त्या एकदम नाही, पाळीपाळीने जोर धरतात, सेकंदाला ५० वेळा. त्यामुळे आत चुंबक गरगर फिरल्यासारखं होतं. मधल्या रोटरला बाहेरून एकही वायर नसते. फिरत्या चुंबकामुळे त्याच्या पट्ट्यांत आपोआप वीज उभी राहते आणि तो चुंबकामागे ओढला जातो. चुंबक हललं की तारेत वीज उभी राहते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. आपल्या विहिरीवर रोज तेच चाललंय.

तीन जणी पाळीपाळीने जात्याचा खुंटा ओढतायत असं समजा. एक उठून गेली तर जातं लगेच थांबत नाही, पण उरलेल्या दोघींचे खांदे भरून येतात. एक फेज गेला की बाकीच्या दोन फेजचा करंट साधारण पावणेदोन पट होतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिप्पट. तारेवरचं वार्निश तेवढं सोसत नाही.

आता 'व्होल्टेज वाढला' याबद्दल. आपल्याकडे बहुतेक वेळा उलट असतं, व्होल्टेज पडलेला असतो. ४१५ च्या जागी ३३० आले म्हणून विहिरीची खोली कमी होत नाही. तेवढंच पाणी वर आणायला मोटर जास्त करंट ओढते. ५ एचपीची मोटर ४१५ वर साधारण साडेसात अँपिअर घेते, ३३० वर ती सव्वानऊ-साडेनऊवर जाते. करंट सव्वापट, उष्णता दीडपटीच्या वर. तासन् तास असं चाललं की वाइंडिंग शिजते.

"बाजूला तारापूर आणि आपल्याला ३३०?" हे इथे प्रत्येक जण बोलतो. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली आपल्या उंबऱ्यावर सुरू झालं, २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटचे दोन संच आले. पण ती वीज आपल्या खांबावर थेट उतरत नाही. ती मोठ्या लाइनने ग्रीडमध्ये जाते आणि उपकेंद्रं, ११ केव्हीचा फीडर, डीपी करत करत शेवटी आपल्याकडे येते. सूर्याच्या कालव्यावरच्यांना हे वेगळं सांगायला नको. धरण जवळ असून काय, वरच्यांनी ओढल्यावर टेलला किती पाणी येतं ते महत्त्वाचं. तारेतून जितका जास्त करंट ओढाल तितका व्होल्टेज वाटेतच पडतो. आणि तो ओढणारे आपणच.

सगळ्यात जास्त ओढ कधी लागते? लाइट येते त्या क्षणी. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच ते सात पट घेते. ६३ केव्हीएची डीपी एका फेजला साधारण ८४ अँपिअर देते. तिच्यावर ५ एचपीच्या दहा मोटरी चालत्या असतील तर ७५ अँपिअर, म्हणजे कशीबशी सोसते. पण दहाही मोटरींना ऑटो स्विच असेल तर लाइट आल्या आल्या एकदम साडेचारशे अँपिअरचा धक्का. मग फ्यूज उडतो. मग आपण किटकॅटमध्ये जाड तार टाकतो. पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, डीपीच उडते. आणि दहा जणांचं पीक वाळतं.

"मग रात्री १२ ला लाइट आली तर साप-बिबट्यात मी जाऊ का?" हा प्रश्न खरा आहे, माझाही आहे. रात्रीच्या पाळ्या आपण मागितल्या नव्हत्या. दिवसा वीज मागायचीच, त्यात एक पाऊल मागे नको. पण ऑटो लावायचाच तर उशिराने चालू होणारा टायमर असलेला लावा आणि डीपीवरच्या सगळ्यांनी बसून मिनिटं वाटून घ्या. पहिला दोन मिनिटांनी, दुसरा चारने, तिसरा सहाने. पाण्याच्या पाळ्या वाटता येतात, तर मिनिटं का नाही?

कॅपॅसिटरचंही तेच. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला की लाइनवरून ओढला जाणारा करंट साधारण एक-सव्वा अँपिअरने कमी होतो. एकट्याने लावला तर फरक जाणवत नाही, म्हणून आपण म्हणतो 'काही उपयोग नाही'. दहा जणांनी लावला तर डीपीवरचे दहा-बारा अँपिअर हलके होतात आणि शेवटच्या खांबावरचा व्होल्टेज उचलतो. महावितरण हे कितीदा सांगतं, पण त्यांनी सांगितलं म्हणून आपण ऐकायचं नाही असं ठरवलंय.

वीज कंपनीला मी सोडत नाहीये. डीपीची क्षमता वाढवणं, लोंबत्या तारा ओढणं, तुटलेला फेज वेळेत जोडणं हे त्यांचं काम, आणि ते मागायलाच हवं. पण ३ एचपी मंजूर करून ५ ची चालवणारे आणि आकडे टाकणारे आपल्यातलेच. खरा भार कागदावर नसेल तर मोठी डीपी कुठल्या तोंडाने मागणार?

कृषी अधिकारी, सल्लागार मंडळीही हे पान वाचतात. मेळाव्यात ठिबक सांगता, विद्राव्य खतं सांगता. ते पाणी ज्या मोटरीने यायचंय तिचे अँपिअर किती, हे कोणी विचारत नाही. पुढच्या शेतीशाळेत एक क्लॅम्प मीटर आणा, एवढंच मागणं.

आणि २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ झालंय म्हणून निवांत बसू नका. वाइंडिंगचं बिल कोणी माफ करत नाही, गळालेलं फूल तर नाहीच.

या आठवड्यात एवढं करा. मोटरीच्या प्लेटवरचे अँपिअर वाचा. वायरमनकडून तिन्ही फेजचा चालू करंट मोजून घ्या, रिले प्लेटवरच्या आकड्याला लावा, सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, अर्थिंग तपासा. डीपीला स्वतः हात लावायचा नाही, म्हणजे नाही. मोटर जळालीच तर उघडताना समोर उभे राहा. दोन फेज काळे असतील तर फेज गेला होता. तिन्ही सारखे काळे असतील तर कमी व्होल्टेज किंवा जादा भार.

रविवारी सकाळी आमच्या डीपीवरचे सगळे माझ्या खळ्यावर बसणार आहोत, मिनिटं वाटायला. तुमच्या डीपीवर मोटरी किती आणि ऑटो किती, खाली लिहा. खरं लिहा.