थोरांची सबब

थोर माणसाच्या चुकीवर पांघरूण घालायचे आणि मग त्याच पांघरुणाखाली आपणही निजायचे, ही आपली जुनी खोड आहे. म्हणून ऐन दिवाळीत न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांविषयी मी चार कडू शब्द लिहिणार आहे. वाचकांनी फराळाबरोबर तेही गोड मानून घ्यावेत.

तेलंग ही सामान्य असामी नव्हे. जन्म 1850 चा. 1872 साली हायकोर्टाचे वकील झाले. त्यांचे गीतेचे इंग्रजी भाषांतर 1882 साली मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत निघाले. 1884 साली ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात गेले, 1889 साली न्यायासनावर बसले आणि 1892 साली मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. आमच्या अंबरनाथचे शिवालय ज्या शिलाहारांच्या काळचे, त्या घराण्याचा एक ताम्रपटही याच वकिलाने वाचून छापला. अवघ्या त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढे सारे!

1886 साली त्यांनी एक गाजलेले व्याख्यान दिले. राजकीय सुधारणेआधी सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे काय, हा विषय. जिथे विरोध कमी, त्या वाटेने आधी पुढे सरकावे, असा त्यांचा सल्ला. पुढे या सुधारकाने स्वतःच्या मुलीचे लग्न मात्र लहान वयातच लावून दिले. घरच्या माणसांपुढे त्यांचा इलाज चालला नाही, असे त्यांचे चाहते सांगत आले.

हीच सबब मी बदलापुरात मास्तरकी करताना ऐकतो. कोणी उल्हासनगरचा दुकानदार, कोणी अंबरनाथचा कारखान्यातला कामगार, कोणी बदलापूरचा शेतकरी; मुलीचा दाखला मागायला येतो आणि म्हणतो, “मास्तर, मला पटत नाही हो; पण घरात म्हातारी आहे, भावकी आहे.” कायद्याने मुलीचे वय 18 हवे, हे त्याला ठाऊक असते. पण वाट तो कमी विरोधाचीच धरतो. आणि घरात सर्वांत कमी विरोध कोण करते? ती मुलगी! म्हणून ही वाट नेहमी तिच्याच अंगावरून जाते.

कोणी म्हणेल, माणूस त्याच्या काळाच्या मापाने मोजावा. मान्य! ज्या 1893 साली तेलंग वारले, त्याच साली धोंडो केशव कर्वे या गणिताच्या मास्तराने एका विधवेशी लग्न केले आणि गावाचा बहिष्कार सोसला. काळ एकच होता. न्यायासन मात्र कर्व्यांपाशी नव्हते.

तेलंगांची विद्वत्ता मुलांना अवश्य सांगा. तिच्यापुढे मीही नम्र आहे. पण भाऊबीजेला जी पोर ओवाळायला पुढे येईल, तिला ओवाळणीत एवढे द्या: तिच्या शिक्षणासाठी घरातल्या म्हातारीशी एकदा भांडा.