पंखा घरघरतो म्हणून संगणक म्हातारा?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण ऐकाल तर हसाल. आमचा संगणक घरघरायला लागला होता. सुरू केला की थोड्या वेळात पिठाची गिरणी सुरू! जरा थांबायची आणि मोठी फाईल उघडली की पुन्हा चालू.

२००९ साली निवृत्त झालो तेव्हा घेतलेलं हे यंत्र, कोअर टू डुओ प्रोसेसरवालं. मराठी टाइप करायला याच्यावरच शिकलो, या ब्लॉगचा पहिला लेखही याच्यावरच लिहिला. दुकानात नेलं तर तिथल्या मुलाने डबा न उघडताच निकाल दिला, "काका, खूप जुना झालाय. नवीन घ्या." रात्री फोनवर चिरंजीवांनीही तीच री ओढली, "बाबा, किती दिवस ओढणार? मी घेऊन देतो."

माझा राग या निकालावर आहे. "जुना झालाय" हे निदान नव्हे, पळवाट आहे. चौतीस वर्षं मास्तरकी केली. वर्गात पोरगं गोंगाट करतं म्हणून कुणाचं नाव पटावरून काढलं नाही. आधी का करतंय ते पाहिलं.

इथेही तेच केलं. बाजूचं झाकण काढून संगणक चालू केला आणि पुठ्ठ्याची नळी कानाला लावून लांबूनच ऐकलं. पॉवर सप्लाय शांत, हार्ड डिस्क शांत. गिरणी होती ती प्रोसेसरवरच्या पंख्याची.

मग प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि बॅटरी मारून पाहिलं. पंख्याखाली धातूच्या पात्यांचा हीटसिंक असतो. त्याच्या फटींत धुळीची गोधडीच बसली होती! वारा आत जाईना, प्रोसेसर तापे आणि मदरबोर्ड पंख्याला आणखी जोरात पळवे. म्हणजे पंखा बिघडला नव्हता, बिचारा दुप्पट राबत होता. ज्याच्या राबण्याचा आवाज होतो त्यालाच घालवायचं, हा कुठला न्याय?

पंख्याची वायर सोडवली, कूलरच्या चार खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून तो उचलला आणि ब्रशने धूळ झाडली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. कूलर बसवताना एक खुंटी नीट बसली नाही हे हलवून पाहिल्यावर कळलं. पुन्हा बसवली. चारही 'टक' वाजल्याशिवाय आणि पंख्याची वायर जोडल्याशिवाय संगणक चालू करायचा नाही, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावं.

खर्च दोनशे रुपयांच्या आत. आता जवळ कान नेला तरच कळतं की पंखा फिरतोय. समजा बेअरिंगच गेलं असतं, तर नवा पंखा काही शे रुपयांत आला असता. अख्खा संगणक कशाला बदलायचा?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर हट्टी आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार राहिला नाही आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत आमचा प्रोसेसर नाही. हे खरं कारण आहे. म्हणून बँकेचे व्यवहार मी याच्यावर करत नाही, लेखन करतो. पण नवीन घ्यायला सांगायचंच तर हे कारण सांगा, पंख्याचं नको.

२०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. उत्तम झालं. पण झाकण उघडून बघायचीच इच्छा नसेल, तर दुरुस्तीचा हक्क घेऊन करायचं काय?

असो. चिरंजीव हा लेख वाचतीलच. बाळा, नवीन घेऊ नकोस. सुट्टीत ये, दोघं मिळून झाकण उघडू. आणि हो, अलीकडे माझे गुडघेही वाजतात. निकाल देण्याआधी जरा तपासून बघत जा!