वारस कोण, हा प्रश्नच वतनदारीचा आहे

१४ एप्रिल जवळ आला की टेंभुर्णीच्या चौकातील फलकांची उंची वाढू लागते. पुणे-सोलापूर महामार्ग, पंढरपूरची वाट आणि कुर्डुवाडीची वाट येथे एकत्र येत असल्यामुळे राज्यातील प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याची गाडी केव्हा ना केव्हा येथून जातेच. म्हणून प्रत्येक गटाला येथे आपला फलक हवा असतो. फलकाच्या एका कोपऱ्यात परमपूज्य बाबासाहेबांचे चित्र, मध्यभागी पुढाऱ्याचे त्याहून मोठे चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते की बाबासाहेबांचा खरा वारसदार तो हाच. शेजारच्या फलकावर दुसरा खरा वारसदार असतो. ज्या कुटुंबाने नुकतीच दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा अजून पाठ व्हावयाच्या आहेत, त्याला महिना लोटण्यापूर्वीच विचारले जाते, "तुम्ही कोणत्या गटाचे?" पंचशील काय, हे त्याला कोणी विचारीत नाही.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, हा प्रश्न तुम्हांला उद्या विचारला जाणार आहे, म्हणून त्याचा आजच निकाल लावू या.

वारस हा शब्द कोठला आहे? तो तलाठ्याच्या दप्तरातला शब्द आहे. बाप मेला की मुलाचे नाव लागते, फेरफार होतो, आणि हक्क रक्ताबरोबर पुढे सरकतो. आपल्या वाडवडिलांना हा शब्द चांगला ठाऊक होता, कारण महारकी वतन असेच वारशाने चालत असे. ज्याच्या बापाने गावची सांगी ओढली, त्याच्या मुलाने तीच ओढायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले, आणि त्यांच्या पश्चात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने नाहीशी झाली. वतन गेले, परंतु वतनदारीची दृष्टी गेली काय? जमिनीचे वतन सोडणारे आपण पुढारीपणाचे वतन मात्र उराशी धरून बसलो, असे मला खेदाने म्हणावे लागते.

तथागतांच्या संघातही हा प्रश्न उभा राहिला होता. तो कोणी उपस्थित केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. भगवंत वृद्ध झाले आहेत, संघ आता माझ्या हवाली करावा, असे भर सभेत म्हणणारा देवदत्त होता, आणि तो भगवंतांचा भाऊबंदच होता. भगवंतांनी त्याला स्पष्ट नकार दिला. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्याही हाती मी संघ सोपविणार नाही, मग तुझी काय कथा, अशा अर्थाचे ते उत्तर होते. राहुलाची कथा तर आपण मुलांना सांगतोच. यशोधरेने त्याला बापाकडे वारसा मागावयास पाठविले, तेव्हा भगवंतांनी त्याला प्रव्रज्या दिली. गादी दिली नाही, कारण गादी नव्हतीच. शेवटच्या आजारात आनंदाने अपेक्षेने पाहिले, तेव्हाही उत्तर तेच मिळाले: माझ्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात या नकाराची मुद्दाम नोंद घेतली आहे. मग त्यांच्याच नावावर गादी मांडणारे हे लोक नेमके कोणाचे अनुयायी आहेत?

आता आपल्या घरातला इतिहास पाहू. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षेला तेव्हा दोन महिनेही पुरे झाले नव्हते. फेडरेशनचा कारभार एका माणसाने न पाहता अनेकांनी मिळून पाहावा, म्हणून अध्यक्षमंडळ नेमण्यात आले. ही व्यवस्था शहाणपणाची होती. १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकमधून, बी. सी. कांबळे कोपरगावमधून आणि एन. शिवराज मद्रासकडील चिंगलपेटहून लोकसभेत गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरास रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला व शिवराज अध्यक्ष झाले. एवढे सर्व बाबासाहेबांच्या पश्चात वर्षभरात झाले! आणि १९५९ साली पक्ष दुभंगला. एकास 'दुरुस्त' म्हणू लागले, दुसऱ्यास 'नादुरुस्त'. जणू पक्ष म्हणजे पाणी उपसण्याचे इंजिन.

कांबळ्यांच्या बाजूचा आक्षेप असा होता की दादासाहेब साम्यवाद्यांच्या फार जवळ जात आहेत. शिकलेला वकील आणि खेड्यातला सत्याग्रही असेही त्या वादाला रूप आले. पक्ष घटनेप्रमाणे चालावा, हा कांबळ्यांचा आग्रह मला आजही योग्य वाटतो. परंतु घटना राखण्याकरिता पक्ष मोडावा लागतो, हे मला कधीच पटलेले नाही. बाबासाहेबांचा विचार कोणास अधिक समजला, याचा निर्णय सभासदांच्या मताने व्हावयास हवा होता. तो दोन तंबू ठोकून करण्यात आला.

तरीही चळवळ थांबली नाही. दादासाहेबांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर केला, त्यात लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. पडीक जमीन भूमिहीनास द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्या मागण्या होत्या. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापासून बाबासाहेबांबरोबर उभा असलेला हा मनुष्य वारसदार म्हणून मोठा ठरला नाही. माणसे त्याच्यामागे तुरुंगात गेली, कारण तो स्वतः त्यांच्यापुढे जात होता. १९६७ साली काँग्रेसशी केलेली त्यांची युती मला मान्य नाही. तिच्यातून ताटाखालचे मांजर होण्याची सवय लागली. पण ती युती अमान्य असूनही त्यांच्या सत्याग्रहाचे मोल मी कमी करणार नाही.

फुटीची किंमत कोणी दिली? महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली येथे बौद्धांना सवलती मिळाल्या. केंद्राच्या बाबतीत मात्र त्या मिळावयास १९९० साल उजाडले. दीक्षेनंतर चौतीस वर्षे! धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीचा हक्क गेला, अशा दाखल्याच्या कचाट्यात एक सबंध पिढी सापडली. सारा दोष आपल्या फुटीचा होता, असे मी म्हणत नाही, दिल्लीकरांची नियत आपण जाणतो. परंतु चार दिशांनी चार अर्ज आले की देणाऱ्याला टाळण्याची सोय होते.

पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती तीच आहे. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली आणि १९७४ साली ढसाळ व ढाले वेगळे झाले. १९९८ साली प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई व जोगेंद्र कवाडे असे चार खासदार एकदम निवडून आले, तेही चौघे खुल्या जागांवरून; आणि ते ऐक्य फार दिवस टिकले नाही. उलट मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची झुंज, जिच्यावर कोणाही एका पुढाऱ्याचा शिक्का नव्हता, ती २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालली आणि तडीस गेली.

आपल्या सोलापूर जिल्ह्यानेही एक धडा दिला आहे. १९५२ साली बाबासाहेब स्वतः मुंबईत पराभूत झाले. त्याच निवडणुकीत सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांच्याबरोबर फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. ते बाबासाहेबांच्या रक्ताचे नव्हते. पुढे तेच राजभोज काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले. २०१९ साली त्याच सोलापुरात बाबासाहेबांचे नातू उभे राहिले, दीड लाखाहून अधिक मते मिळाली, आणि क्रमांक तिसरा लागला. रक्ताने जागा मिळत नाही, आणि मिळालेली जागा माणसाबरोबर निघूनही जाते. मतदार मात्र येथेच राहतात.

हा रोग केवळ आपल्याच घरात आहे असे नाही. शिवसेनेत २०२२ साली फूट पडली आणि नाव व चिन्ह कोणाचे, याचा निवाडा २०२३ साली निवडणूक आयोगाकडून घ्यावा लागला. पुण्यातील नोकरी सोडून कर्मचाऱ्यांची संघटना बांधणाऱ्या कांशीराम यांनी २००१ साली मायावतींना उत्तराधिकारी जाहीर केले, आणि २००७ साली त्यांच्या पक्षाने उत्तर प्रदेशात स्वबळावर राज्य मिळविले. हे उदाहरण माझ्याविरुद्ध कोणी देईल. परंतु ते यश नाव जाहीर केल्याचे होते की त्यापूर्वी गावोगाव सायकलीने केलेल्या प्रचाराचे? २०२३ साली त्याच पक्षात पुतण्याचे नाव जाहीर झाले, २०२४ साली तो दूर झाला व पुन्हा आत आला. त्या घोषणेने मते वाढलेली कोणी पाहिली नाहीत.

मला नेता नको, असा कोणी अर्थ काढू नये. नेता हवाच. तो आपण निवडावा आणि आपणच बदलावा, एवढेच मागणे आहे. पुढल्या वेळी चौकात कोणाची गाडी थांबली तर हार घालण्यापूर्वी विचारा: माढे तालुक्यात तुमच्या सभासदांची नोंदवही आहे काय? शाखेची निवडणूक शेवटी केव्हा झाली? वर्गणीचा हिशेब कोणास दाखविला? गायरानावर घर बांधून राहिलेल्या आपल्या कुटुंबांसाठी तहसील कचेरीत किती वेळा गेलात? बायाबापड्यांनीही विचारावे, दीक्षाभूमीवर त्या नवऱ्यांच्या मागे उभ्या नव्हत्या, शेजारी उभ्या होत्या.

आणखी एक काम दाराशी येऊन ठेपले आहे. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून सरकारने जनगणना जाहीर केली आहे, आणि तीत जातींचीही नोंद व्हावयाची आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात मोजले गेले. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही, हे १९९० पासून कायद्याने ठरलेले आहे. तरीही भीतीपोटी जुनाच धर्म सांगणारी घरे मी पाहिली आहेत. ही भीती काढण्यास घरोघर कोणीतरी जावयास हवे. चौकातील फलकांवरचा एकही वारसदार अजून आमच्या वस्तीत त्याकरिता आलेला नाही. पौर्णिमेच्या वंदनेनंतर आम्ही दहाबारा जण गल्ल्या वाटून घेणार आहोत.