हलव्याचा काटा

संक्रांत जवळ आली की बाजारात हलव्याच्या दागिन्यांच्या पेट्या मांडल्या जातात. मुकुट, तन्मणी, बाजूबंद, जावयासाठी हार आणि नारळ, सारे तयार. नव्या सुनेच्या काळ्या साडीवर ते शोभूनही दिसतात. आमची तक्रार त्यांच्याविषयी नाही. घराघरांतून नाहीशा झालेल्या परातीविषयी आहे.

मंद आचेवर परात, तीत मूठभर तीळ किंवा खसखस. दूध घालून मळी काढलेला साखरेचा पाक चमचा-चमचा सोडावयाचा आणि बोटांनी हलके फिरवीत राहावयाचे. पाण्याची वाफ होते, साखर मात्र स्फटिकरूपाने दाण्यावर बसते. थरावर थर चढतात आणि मग कधीतरी काटा फुटतो. त्यासाठी कोरडी थंडी हवी. दमट हवेत साखर ओलावा धरते. जानेवारीतील सण आणि हा पदार्थ यांची सांगड उगाच पडलेली नाही. पाकाची घाई केली की तिळांचे गोळे होतात. आमच्या घरी ते एकदा झाले आणि आम्ही ते मुकाट्याने खाऊन संपविले.

नोकरी सांभाळणाऱ्या गृहिणीने दोन-दोन दिवस शेगडीपाशी बसावे, असे सुचविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु घरातील पुरुषांची बोटे काही साखरेने झिजत नाहीत! सगळा साज खुशाल विकत आणावा. बाळाच्या गळ्यातील एक पदर तेवढा घरच्या हलव्याचा असावा. पाकाची वेळ बोटांनी ओळखणारी आजी घरात आहे, तोवर तिच्याशेजारी बसावे. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही करतात. अवधी पुष्कळ आहे.