अवतार म्हटलें कीं झालें?

नाताळ आला कीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक वाक्य हमखास ऐकूं येतें : ‘येशू हाहि एक अवतारच.’ बोलणाराची वृत्ति उदार असते, यांत शंका नाहीं. परंतु हें औदार्य फार स्वस्त आहे, असें आमचें मत आहे. समोरच्याचें म्हणणें ऐकून न घेतांच त्याला होकार देण्याचा हा प्रकार होय.

गीतेंतील अवतार युगायुगाच्या ठायीं होतो; साधूंचें रक्षण आणि दुष्टांचा नाश हें त्याचें प्रयोजन. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें ईश्वर मनुष्य झाला तो एकदांच, आणि स्वीकारलेलें मनुष्यत्व त्यानें पुढें कधींच टाकलें नाहीं. तो देह केवळ भास होता, असें म्हणणारे पंथ आरंभींच निघाले; चर्चनें ते पाखंडी ठरविले. येशू हा निर्माण केलेला, म्हणून पित्याहून कमी, हें एरियसचें मत इ. स. ३२५ मध्यें नायसियाच्या परिषदेनें नाकारलें. तो पूर्ण ईश्वर आणि पूर्ण मनुष्य, असा निर्णय ४५१ मध्यें कॅल्सिडोनच्या परिषदेनें दिला. एवढा खल उगीच झाला नाहीं.

कोणी म्हणेल, श्रीकृष्णहि गोकुळांत रांगलाच कीं! आक्षेप रास्त आहे. पण त्या बाळानें यशोदेला मुखांत विश्व दाखविलें, पूतनेचे प्राण शोषिले. बेथलेहेमच्या गव्हाणींतलें बाळ असें कांहींच करीत नाहीं. येशूच्या बाळपणींच्या चमत्कारांच्या कथा मागाहून निघाल्या. चर्चनें त्या प्रमाणग्रंथांत घेतल्या नाहींत. ईश्वरत्व न सोडतां तो खरोखरच भुकेला, थकला, रडला आणि मेला, हें त्या श्रद्धेचें मर्म आहे.

हें मर्म मराठींत सांगतां येत नाहीं, ही सबबहि चालणार नाहीं. गोमांतकांत फादर स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालींच ओवीबद्ध मराठींत छापून निघालें.

हें मत सर्वांनीं स्वीकारावें, असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हींहि तें स्वीकारलेलें नाहीं. पण नाकारावयाचें तर काय नाकारतों हें तरी कळावें. ईश्वर एका गरीब बाईच्या पोटीं येऊन गव्हाणींत निजला असेल, तर कोणत्याहि मनुष्याच्या देहाचा विटाळ मानणें म्हणजे ईश्वराचाच विटाळ मानणें होय. हा प्रश्न ख्रिस्ती आणि हिंदु, दोघांसहि अडचणींत टाकणारा आहे. तेहतीस कोटींच्या पंक्तींत आणखी एक पाट मांडून पाहुण्याला बसविलें, कीं तो प्रश्न ऐकण्याची जबाबदारी टळते. आमचा राग या सोयीवर आहे.