पाटी कुणाच्या मालकीची?

कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा ही पंचक्रोशीबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसलेली वस्ती २००७ साली एकाएकी जगाच्या शिक्षणचर्चेत आली. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीचे वर्ग आणि वीसबावीस मुले, एवढाच त्या शाळेचा संसार. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेतील निकोलस निग्रोपॉन्टे यांनी मांडलेल्या ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग याच शाळेत झाला. ज्या घरांत पुस्तक नव्हते त्या घरांत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक आले. काहींना त्यात क्रांती दिसली, तर काहींनी ‘पोटाला भाकरी नाही आणि हाती संगणक’ अशी त्याची थट्टा केली. आपल्यापैकी बरेच जण दुसऱ्या पंक्तीत होते, आणि मीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

आज मागे वळून पाहताना वाटते की कौतुक करणारे आणि थट्टा करणारे असे दोघेही यंत्राकडेच पाहत राहिले. यंत्राच्या आत काय होते, इकडे कुणाचे लक्ष गेले नाही. त्या संगणकावरील ‘शुगर’ नावाच्या प्रणालीचा भर ठरीव धडे वाचून दाखवण्यावर नव्हता. लिहिणे, चित्र काढणे, आवाज मुद्रित करणे, छायाचित्र घेणे, पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देऊन आकृती रेखाटणे अशा मुलाने स्वतः करावयाच्या कृती तीत होत्या. शेजारच्या मुलाचा संगणक आपल्या संगणकाला जोडून दोघांनी मिळून एकच निबंध लिहावा, अशीही सोय होती. यामागे सेमूर पेपर्ट यांचा विचार होता. जीन पियाजे यांच्यासोबत जिनिव्हात काम केलेल्या या गणितज्ञाने १९६७ साली आपल्या सहकाऱ्यांसह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. संगणकाने मुलाला शिकवावे, यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावे आणि ते करता करता स्वतः शिकावे, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही प्रणाली मुक्तस्रोत होती. म्हणजे तिची मूळ आज्ञावली कुणालाही उघडून वाचता येई, बदलता येई आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देता येई. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केलेल्या चळवळीने या हक्काला कायदेशीर परवान्याचे रूप दिले. अर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून त्याच भाषेत सांगतो. विहिरीचे पाणी उपसले की कमी होते; आज्ञावलीची प्रत काढल्याने मूळ आज्ञावली तिळमात्र कमी होत नाही. एकदा तयार झाल्यावर तिची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. तिच्यासाठी दरवर्षी जे भाडे वसूल केले जाते, ते परवान्याच्या कुंपणाने निर्माण केलेल्या कृत्रिम टंचाईचे भाडे असते. गायरानाला कुंपण घालणाऱ्याशी आपण लढतो. हे कुंपण दिसत नाही, एवढाच फरक.

अर्थात परवाना खुला असला म्हणजे शिक्षण खुले होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला संगणक प्रत्यक्षात दोनशे डॉलरच्या घरात गेला. भारताच्या शिक्षण मंत्रालयाने ही योजना २००६ सालीच नाकारली होती. पेरू देशात ती मोठ्या प्रमाणावर राबवण्यात आली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात भाषा आणि गणित या विषयांत मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकाची तयारी नाही, दुरुस्तीची व्यवस्था नाही, पाठ्यक्रमाशी सांधा नाही, अशा स्थितीत पेटीतून संगणक काढून मुलांच्या हाती दिले, तर दुसरे काय होणार? हक्क कागदावर असतो. तो बजावण्याचे सामर्थ्य वेगळे कमवावे लागते. कुळकायद्याची अंमलबजावणी पाहिलेल्या कार्यकर्त्याला हे सांगण्याची गरज नाही.

दोन वर्षांपूर्वी खालापूर तालुक्यातील एका वाडीवरच्या शाळेत जाण्याचा योग आला. देणगीतून मिळालेला पडदा भिंतीवर होता, संगणकावर कापड टाकलेले होते. शिक्षकांना विचारले तेव्हा कळले, की धड्यांच्या संचाची मुदत संपली होती आणि नव्या मुदतीचे पैसे द्यायला देणगीदार पुन्हा फिरकला नव्हता. ते पुढे म्हणाले, “आणि सर, मुदत होती तेव्हा तरी काय? आमच्या पोरांना कळेल असं एक वाक्य त्यात बदलायचं म्हटलं तरी आम्हांला मुभा नव्हती.” त्यांच्या वर्गात निम्मी मुले कातकऱ्यांची. त्या संचातील गणिते मॉलमधल्या खरेदीची आणि विमानाच्या तिकिटांची होती.

ही मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी सारे कुटुंब राबते, आणि हिशेब मालकाच्या वहीत असतो. समजा, त्या शिक्षकाला धडा बदलण्याचा हक्क आणि सवड दोन्ही मिळाली असती. चौथीच्या मुलांनी मिळून एक साधा तक्ता तयार केला असता: दिवसाला किती विटा पाडल्या, हजारी दर काय, आठवड्याचा खर्च किती, उचल किती फिटली. आपल्या आईचा आवाज मुद्रित करून तिच्या बोलीतील शब्दांचा कोश केला असता. परतीच्या वेळी भट्टीवरून आणलेली नोंद वाडीतल्या नोंदीशी ताडून पाहिली असती. विद्यार्थिकेंद्रित शिक्षण या जड शब्दाचा अर्थ माझ्या मते एवढाच आहे. आणि भट्टीमालकाला अशा शिक्षणाची धास्ती का वाटेल, हेही वेगळे सांगायला नको.

हा विचार परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेले. माँटेसरीची विकत मिळणारी साधने परवडण्याजोगी नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पाने, खडे यांतून साधने घडवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात गेली, गुरांमागे कुरणात गेली. साधनामागचे तत्त्व समजून घ्यावे आणि साधन आपल्या मातीत नव्याने घडवावे, हीच तर मुक्तस्रोताची रीत. संगणकाच्या बाबतीत ते धाडस आपण अजून केलेले नाही.

ते करण्याची बुद्धी आणि कौशल्य मात्र येथेच आहे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र कर्जतच्या गाडीने दीडदोन तासांवर असेल. तेथील प्रा. नागार्जुन यांच्या गटाने खैराटच्या मुलांबरोबर काम केले. याच गटाने ‘जीस्टुडिओ’ हा मुक्तस्रोत मंच घडवला. शाळेतल्याच एका संगणकावर तो चालतो. मुले त्यावर आपले काम मांडतात, एकमेकांच्या कामावर मत देतात आणि त्यासाठी इंटरनेटची गरज पडत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमातून तो छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगण या राज्यांतील चारशेहून अधिक सरकारी शाळांत गेला. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. ‘शुगर’चीही वाट खुंटलेली नाही, तिच्याच धर्तीवरची ‘शुगरायझर’ ही मुक्तस्रोत साधने आज कोणत्याही साध्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालतात.

हे वाचून आपल्या भागातील जुन्या माणसांना वेगळीच आठवण होईल. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. या डोंगरांतील पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. तारा मात्र कित्येक दशके वाड्यांच्या डोक्यावरून पुढे गेल्या. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने १९४२ साली या तारांचे मनोरे पाडले. तेच भाई कोतवाल त्याआधी याच तालुक्यात शाळा आणि धान्यकोठारे उभी करीत होते. ज्ञानाच्या साधनांच्या बाबतीत आज तीच स्थिती आहे. मनोरे पाडून आता काही साधणार नाही. तारेला आपल्या वाडीसाठी फाटा फोडून घ्यावा लागेल.

शासनाने काहीच केले नाही, असेही नाही. केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ साली सुरू झाला. तोही ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत प्रणालीवर उभा आहे, आणि बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले चौकोनी संकेतचिन्ह मोबाइलने टिपले की धड्याची चित्रफीत उघडते. पण येथे मूल प्रेक्षक आहे. वर ठरवलेले खाली पोचवण्याची ती नळी आहे. खालून वर काही जाण्याची सोय तीत फारशी नाही. २०२० च्या टाळेबंदीत ज्या घरी स्मार्टफोन नव्हता त्या घरी ही नळीही पोचली नाही. आज्ञावली खुली आणि शिक्षणपद्धती बंद असाही संयोग असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

केरळने निराळा मार्ग धरला. तेथील ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्पाची सुरुवात २००१ सालची. एका बड्या कंपनीच्या प्रणालीवर बेतलेला अभ्यासक्रम शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ यांच्या विरोधापुढे मागे पडला आणि सरकारी शाळांत मुक्त प्रणाली आली. प्रशिक्षण देणारे बहुतांशी शाळेतलेच शिक्षक होते. शिक्षणसाधनांचा प्रश्न तेथे संघटनेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला, म्हणून तो सुटू लागला.

आपले काही मित्र म्हणतील, छप्पर गळते आहे, शिक्षकाची जागा रिकामी आहे, त्यात हे कुठले काढले? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळांवर २०२३ साली समूह शाळेची टांगती तलवार आली. त्याच वर्षी उद्योगांनी शाळा दत्तक घेण्याची योजनाही निघाली. खैराटसारख्या शाळेचा पट या रेषेच्या आसपासच असतो. उद्या ‘पडदा बसवला, आता शिक्षक कशाला’ असे कुणी म्हणणार नाही, याची हमी कोण देईल? म्हणूनच साधनांची चर्चा दात्यांवर आणि विक्रेत्यांवर सोडून चालणार नाही. चार इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला अशा साधनांची सर्वांत जास्त गरज आहे: एक वर्ग आपापले काम करीत असताना त्याला दुसऱ्या वर्गाजवळ बसता येते. साधन शिक्षकाचा हात मोकळा करते. त्याची जागा घेऊ लागले, तर त्याला विरोध केलाच पाहिजे.

तेव्हा कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्यांनी चार मागण्या घेऊन पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे जावे, असे मी सुचवतो. पहिली, सार्वजनिक पैशातून घेतलेले कोणतेही शैक्षणिक सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असावे आणि मुलांची माहिती शाळेबाहेर जाऊ नये. दुसरी, प्रत्येक केंद्रशाळेत इंटरनेटविना चालणारा एक मध्यवर्ती संगणक असावा, आणि परिसरातील आयटीआयच्या मुलांना मानधन देऊन दुरुस्तीचे काम सोपवावे. तिसरी, साधनांची रचना करणाऱ्या समितीत वाडीवरचे शिक्षक असावेत, त्यांना कामाच्या वेळेत सवड मिळावी, आणि कातकरी व ठाकर मुलांच्या बोलीतील पहिले धडे त्यांनी मुलांसह लिहावेत. चौथी, साधनांच्या नावाखाली शिक्षकाचे एकही पद कमी होऊ नये.

सुरुवात मात्र आपल्या हातून व्हावी. दिवाळीनंतर भट्ट्या पेटतील. तत्पूर्वी एका तरी वाडीवर शिक्षकांबरोबर बसून विटांच्या हिशेबाचा तो तक्ता मुलांकडून तयार करून घ्यावा. संगणक नसेल तर कागदावर करावा.